टाकीवरून राजहंसगड दिसायलाय आणि विमानतळावर म्हणे व्हिजिबिलिटी नाही, हे मोजतात तरी कसं?

मुतग्याचा_पोरगा

नमस्कार मंडळी. आमचं घर बेळगावजवळ मुतग्यात, सांबऱ्याचं विमानतळ म्हणजे आमच्या शिवारापलीकडंच म्हणा, लहानपणापासून विमानं बघत मोठा झालोय. मागच्या आठवड्यात आई मुंबईहून परत यायची होती, ताईच्या बाळंतपणाला गेलेली, विमानात बसायची तिची ही दुसरीच वेळ. मी सकाळी विमान उतरताना बघूया म्हणून गच्चीवर गेलो, तिथून पाण्याच्या टाकीच्या शिडीवर चढलो. वर आभाळ निळं, ऊन पडलेलं, राजहंसगडाचा माथा पण चक्क दिसायला लागलेला. विमानाचा आवाज आला, एक घिरटी झाली, दुसरी झाली, आणि मग आवाज लांब लांब जात बंदच झाला. अर्ध्या तासाने मोबाईलवर मेसेज, व्हिजिबिलिटी कमी असल्यामुळे विमान हुबळीला नेलंय. आईचे गुडघे दुखतात, हुबळीहून बसने येता येता दुपार झाली, बिचारी घाबरून गेली होती.

कुणाच्या नावानं ओरडायचं नाही मला, समजून घ्यायचंय. मला गड दिसायलाय तर पायलटला एवढी मोठी धावपट्टी कशी दिसत नाही? हे व्हिजिबिलिटी कोण मोजतं, माणूस बघतो का मशीन? मशीन असेल तर ते चुकतंय का? खाली गल्लीत थोडं धुकं होतं हे खरं, दूधवाला गाडीची लाईट लावून आला होता, पण ते काय रोजचंच की आमच्याकडं थंडीत.

टिळकवाडीचे_काका

अरे, आई सुखरूप घरी पोचली हे पहिलं. मी हवामान खात्यात निरीक्षक म्हणून नोकरी केली, ट्रेनिंग पुण्याला, नंतर वेगवेगळ्या विमानतळांवर रात्रपाळ्या केल्या, आता रिटायर होऊन टिळकवाडीत असतो. तुझ्या प्रश्नाचं उत्तर तूच लिहिलंयस बघ. तू टाकीवर चढलास आणि दूधवाल्याने लाईट लावली होती.

आपल्याकडं भात काढल्यावर त्याच ओलीवर मसूर वाटाणा पेरतात, जमिनीत ओल भरपूर असते. डिसेंबर-जानेवारीत रात्री आभाळ मोकळं, वारा पडलेला, जमीन रात्रभर ऊब सोडत बसते आणि पहाटे जमिनीलगतची हवा एवढी गार होते की तिच्यातल्या वाफेचे बारीक थेंब होतात. हे धुकं कधी कधी फक्त एका दुमजली घराएवढं जाड असतं. तुझं डोकं त्या धुक्याच्या वर होतं, गडाचा माथा पण वर, मधे सगळं स्वच्छ, म्हणून गड दिसला. दूधवाला त्या धुक्याच्या आत होता. आणि धावपट्टी पण आतच.

आता पायलटचं बघ. तो बरोबर डोक्यावर असतो तेव्हा त्याला खाली धावपट्टी छान दिसते, कारण दहा मीटर जाडीचं धुकं असेल तर त्याची नजर दहाच मीटर धुक्यातून जाते. पण उतरताना विमान साधारण ३ अंशाच्या उतारानं येतं, तेवढ्याच तिरकस नजरेनं तेच दहा मीटरचं धुकं जवळजवळ १९० मीटर लांब होतं. आणि चाकं टेकायच्या वेळी तर तो धुक्याच्या पोटात, समोर आडवं बघणार, तिथं अख्खी धावपट्टी धुक्यानं भरलेली. वरून दिसतंय म्हणून खाली उतरायला गेलं आणि शेवटच्या क्षणी सगळं पांढरं झालं, हा प्रकार फार वाईट. म्हणून वरून काय दिसतंय यावर निर्णय होत नाही, धावपट्टीच्या पातळीवर काय दिसेल ते मोजतात. त्याला आरव्हीआर म्हणतात, रनवे व्हिज्युअल रेंज. धावपट्टीच्या मधोमध उभ्या विमानातल्या पायलटला धावपट्टीवरच्या खुणा किंवा दिवे किती लांबपर्यंत दिसतील तो आकडा. यंत्र धावपट्टीच्या बाजूला, मधल्या रेषेपासून १२० मीटरच्या आत, आणि जमिनीपासून साधारण अडीच मीटर उंचीला धरतात. अडीच मीटर म्हणजे तुझ्या टाकीच्या किती खाली ते तूच मोज.

माणूस पण बघतो, आम्ही तेच करायचो. प्रत्येक वेधशाळेत चारी दिशांच्या खुणांची यादी असते, अमुक झाड ६०० मीटर, तमुक चिमणी २ किलोमीटर, डोंगर ९ किलोमीटर, रात्री तसेच अंतर माहीत असलेले दिवे. कुठवरचं दिसतंय बघायचं आणि लिहायचं. १००० मीटरच्या खाली गेलं की रिपोर्टात धुकं, १००० ते ५००० मीटरच्या मधे आणि हवा ओली असेल तर धुरकट ओलसर हवा, त्याला इंग्रजीत मिस्ट, कोरडी असेल तर हेझ. दर अर्ध्या तासाला हा रिपोर्ट निघतो, त्याला मेटार म्हणतात, आणि मधेच हवा बिघडली तर वेगळा निघतो.

दुसरं, पायलटने मनात आणलं तरी उतरता येत नाही. कळवलेला आकडा ठरवलेल्या मर्यादेखाली असेल तर विमानतळाच्या १००० फूट वरच्या उंचीखाली यायचंच नाही असा नियम आहे. त्यामुळं वर घिरट्या घालून वाट बघायची आणि इंधन एका ठराविक पातळीला आलं की दुसरा विमानतळ गाठायचा. तुझ्या आईच्या पायलटनं बरोबर केलं.

खानापूरची_बाई

काका खूप छान समजावलंत. मी शाळेत गणित विज्ञान शिकवते. मशीनला डोळे नसतात मग त्याला "दिसणं" कसं कळतं? म्हणजे तो आकडा कुठल्या सूत्रानं येतो ते कुणी सांगेल का, मुलांना लॉगॅरिदम शिकवताना असं उदाहरण मिळालं तर सोन्याहून पिवळं होईल.

येळ्ळूरचा_यंत्रवाला

बाई नमस्कार, मी मूळ येळ्ळूरचा, सध्या उत्तरेकडच्या एका विमानतळावर याच यंत्रांच्या देखभालीचं काम करतो, डिसेंबर जानेवारीत आम्हाला झोप नसते, त्यामुळं हा विषय निघाला की माझं बोलणं थांबत नाही, माफ करा लांबलं तर.

दोन जातीची यंत्रं असतात. पहिलं ट्रान्समिसोमीटर. एका खांबावर दिवा, समोर ठराविक अंतरावर दुसऱ्या खांबावर प्रकाश मोजणारा डोळा, समजा मधे ३० मीटर. दिव्यानं शंभर भाग प्रकाश सोडला आणि पलीकडं किती पोचला एवढंच ते बघतं. व्याख्या अशी आहे की प्रकाश जितक्या अंतरात कमी होऊन मूळच्या फक्त ५ टक्के उरेल ते अंतर म्हणजे दृश्यमानता, त्याला एमओआर म्हणतात. प्रत्येक मीटरला प्रकाश ठराविक प्रमाणात कमी होत जातो म्हणून इथं तुमचा लॉगॅरिदम येतो. ०.०५ चा नैसर्गिक लॉग उणे ३ च्या जवळ, म्हणजे ३ गुणिले ३० बरोबर ९०, त्याला पोचलेल्या भागाच्या लॉगनं भागा, उणे चिन्ह सोडून द्या. ९० टक्के पोचला तर लॉग ०.१०५, उत्तर साधारण ८५० मीटर, म्हणजे धुकं. ७४ टक्के पोचला तर ३०० मीटर. मुलांना कॅल्क्युलेटरवर करायला द्या, मजा येईल.

पण खरी गंमत पुढं आहे. हवा अगदी स्वच्छ, ९९ टक्के प्रकाश पोचला, तर उत्तर जवळजवळ ९ किलोमीटर. आता काचेवर धूळ बसली आणि तिनं अजून फक्त १ टक्का खाल्ला, ९८ पोचला, तर उत्तर एकदम साडेचार किलोमीटरच्या खाली. एका टक्क्यानं निम्मं. तेच दाट धुक्यात ७४ चे ७३.४ झाले तर ३०० च्या जागी २९० मीटर दिसेल, काही बिघडत नाही. म्हणजे हे यंत्र दाट धुक्यात, जिथं खरी गरज, तिथं एकदम पक्कं, आणि स्वच्छ हवेत काच पुसली नाही तर नाजूक. म्हणून आम्ही काच पुसायला कापड घेऊन फिरत असतो. एक चांगलं म्हणजे घाण झाली तर ते दृश्यमानता कमीच दाखवतं, चूक सुरक्षित बाजूला जाते.

दुसरी जात फॉरवर्ड स्कॅटर. एकाच खांबावर दोन हात, एकातून इन्फ्रारेड प्रकाश निघतो, दुसरा डोळा त्याच्यासमोर नसतो तर तिरका असतो. हवा स्वच्छ असेल तर डोळ्यात काहीच जात नाही, धुकं आलं की थेंबांवर आपटून प्रकाश विखुरतो आणि डोळ्यात पडतो. जास्त विखुरला म्हणजे कमी दिसणार. लहान आहे, एकाच खांबात बसतं, स्वस्त पडतं, काचेवरच्या धुळीला एवढं दबत नाही. पण इथं उलटी भानगड, काच घाण झाली तर डोळ्यात प्रकाश कमी पडतो आणि यंत्राला वाटतं हवा स्वच्छ आहे. चूक धोक्याच्या बाजूला. म्हणून चांगल्या यंत्रात काच किती मळलीय ते स्वतः तपासायची सोय असते आणि ते आपलं आपण ओरडून सांगतं. अजून एक, कोळी. रात्री किडे येतात म्हणून कोळी त्या दोन हातांच्या मधे जाळं विणतो, आणि त्या जाळ्यावर दव पडलं की यंत्राला धुकं दिसतं. हे पुस्तकात वाचलं तर कुणी विश्वास ठेवणार नाही पण मी स्वतः काढलीत जाळी.

आणि हो, खांब मुद्दाम असे बनवतात की विमान चुकून धडकलं तर पटकन मोडून पडावेत. सिमेंटचा भक्कम खांब धावपट्टीजवळ चालत नाही.

आपल्या देशात ट्रान्समिसोमीटर बाहेरून आणायचो, मग बंगळूरच्या एनएएलनं, म्हणजे विमानविद्येच्या सरकारी प्रयोगशाळेनं, "दृष्टी" नावाचं स्वतःचं यंत्र बनवलं आणि हवामान खात्यानं ते विमानतळांवर बसवायला घेतलं. आपल्याच राज्यात बनलेलं, मला त्याचा अभिमान वाटतो.

मुतग्याचा_पोरगा

दादा एक नंबर. पण आरव्हीआर आणि ही एमओआर एकच का? काकांनी दिवे दिसणं म्हटलं, तुम्ही प्रकाश ५ टक्के म्हटला.

येळ्ळूरचा_यंत्रवाला

एक नाही, आणि हाच मुद्दा लोकांच्या डोक्यात गोंधळतो. एमओआर म्हणजे फक्त हवा किती गढूळ आहे ते. आरव्हीआर काढताना अजून दोन गोष्टी लागतात. धावपट्टीचे दिवे किती जोरात लावलेत, आणि आजूबाजूला उजेड किती आहे, त्यासाठी आभाळाकडं बघणारं वेगळं उजेडमापक असतं. दूधवाल्याच्या गाडीचा दिवा रात्री किती लांबून दिसतो आणि दुपारी किती, तेच. त्यामुळं तेवढ्याच धुक्यात रात्री दिवे पूर्ण जोरात लावले तर आरव्हीआर एमओआरच्या दुपटीच्याही वर जाऊ शकतो. कंप्युटर हे सगळं सतत जोडत असतो, टॉवरमधल्या माणसाला एका मिनिटाची सरासरी दिसते आणि मेटारमधे दहा मिनिटांची जाते. त्यामुळं मेटारमधला आकडा आणि टॉवरनं पायलटला सांगितलेला आकडा वेगळा निघाला तर लगेच कुणी खोटं बोलतंय असं समजू नका.

४०० मीटरच्या खाली २५-२५ मीटरच्या पायरीनं सांगतात, एवढं बारीक, कारण तिथं प्रत्येक पायरीवर कुणी उतरू शकतो कुणी नाही हे ठरतं. आयएलएस म्हणजे रेडिओनं विमानाला धावपट्टीवर उतरायची वाट दाखवणारी यंत्रणा, तिच्या साध्या कॅट वन प्रकाराला ५५० मीटर लागतात, त्यापुढच्या कॅट टूला ३००. आणि आयएलएस न वापरता साध्या पद्धतीनं उतरायचं असेल तर त्याहून बरंच जास्त लागतं.

निपाणीचा_ऊसवाला

मंडळी आमच्याकडं ऊस तुटला की पाचट पेटवत्यात, शिवाय गुऱ्हाळं, संध्याकाळी अशी धुराची चादर पडतीया की हायवेला समोरचा ट्रक दिसत न्हाई. मशीनला धूर आणि धुकं यातला फरक कळतोय का? का सगळं एकच मापतंय?

येळ्ळूरचा_यंत्रवाला

भाऊ लई चांगला प्रश्न, कारण इथंच दोन यंत्रांत फरक पडतो. धुक्याचा थेंब पाण्याचा, तो प्रकाश विखुरतो पण गिळत नाही. धुरात काजळी असते, ती प्रकाश गिळते. ट्रान्समिसोमीटर बघतो किती पोचला, गिळला काय नि विखुरला काय त्याला दोन्ही सारखंच, आकडा बरोबर येतो. फॉरवर्ड स्कॅटर फक्त विखुरलेला बघतो, गिळलेला त्याला दिसतच नाही, शिवाय त्याचा मेळ मुळात धुक्याच्या थेंबांवर घातलेला असतो, म्हणून काळ्या धुरात तो खऱ्यापेक्षा जास्त दृश्यमानता सांगू शकतो. म्हणून नवीन स्कॅटर मीटर चांगल्या ट्रान्समिसोमीटरशेजारी ठेवून त्याच्याशी ताडून बघतात.

आणि धूर हवेत राहिला की पहाटे त्याच्याच कणांवर पाणी बसून धुकं अजून दाट होतं. विमानतळाच्या आसपास शेत असेल तर पाचट पेटवू नका हो, कुट्टी करून सरीत टाका, जमिनीला पण बरं.

टिळकवाडीचे_काका

यंत्रवाल्या, सगळं बरोबर सांगितलंस पण एक माझं म्हणणं ऐक. स्कॅटर मीटर किती हवेचा नमुना बघतो, जेमतेम पेलाभर हवेचा. ट्रान्समिसोमीटर ३० मीटरची एक दोरी बघतो. मी पहाटे बाहेर उभा राहिलो की मला दिसतं की पूर्वेला धुक्याचा एक पट्टा उभा आहे आणि तो हळूहळू धावपट्टीकडं सरकायला लागलाय, यंत्राला अजून पत्ताच नाही, ते म्हणतंय सगळं छान. वीस मिनिटांनी तो पट्टा यंत्रावर येतो आणि आकडा धाडकन पडतो. माणूस आधीच सांगतो. मेटारची दृश्यमानता सुद्धा मुळात अशीच ठरवलीय, निदान अर्ध्या क्षितिजावर किंवा अर्ध्या विमानतळावर जेवढी मिळते तेवढी. एका खांबाला अर्धं क्षितिज कसं कळणार?

येळ्ळूरचा_यंत्रवाला

काका मान्य, म्हणूनच मोठ्या धावपट्टीला तीन ठिकाणी बसवतात, चाकं टेकतात तिथं, मधे आणि शेवटाला. पण काका पहाटे चारला कडाक्याच्या थंडीत माणूस दर मिनिटाला बाहेर जाऊन २७५ आणि ३०० मीटरमधला फरक सांगू शकेल का? तुम्ही स्वतः केलंय म्हणून विचारतो. दोन्ही पाहिजेत हे माझं म्हणणं.

टिळकवाडीचे_काका

नाही सांगू शकत. तिथं यंत्रच. पट्टा दिसला की फोन करायला मात्र माणूस ठेवा.

खानापूरची_बाई

आमच्याकडं खानापुरात पावसाळ्यात चार महिने सगळं पांढरं असतं. पावसात पण हेच यंत्र का? मुलं विचारणार नक्की.

येळ्ळूरचा_यंत्रवाला

बाई पावसात दृश्यमानता तीच यंत्रं मोजतात, पण "आत्ता काय पडतंय" हे सांगणारं प्रेझेंट वेदर सेन्सर असतं, बऱ्याचदा स्कॅटर मीटरमधेच बसवलेलं. थेंब प्रकाशातून पडताना झटका येतो, झटक्याच्या उंचीवरून थेंब केवढा आणि किती वेळ राहिला त्यावरून किती वेगानं पडला ते कळतं. अर्ध्या मिलिमीटरपेक्षा बारीक थेंब म्हणजे भुरभुर, आपण झिमझिम म्हणतो ते, तो हळू तरंगत येतो. पाच मिलिमीटरचा वळवाचा टपोरा थेंब सेकंदाला ९ मीटरच्या आसपास वेगानं येतो. सोबत ओली झाली की कळवणारी एक पट्टी असते, आणि तापमान असतं, त्या तिन्हीचा मेळ घालून ते भुरभुर, पाऊस, बर्फ असं ठरवतं. गारा ओळखायला मात्र अजून त्रास होतो आणि किडे उडाले तर कधी कधी पाऊस समजतं, हे खरं आहे.

आणि पावसाळ्यात आपल्याकडं विमान फिरतं ते बऱ्याचदा धुक्यानं नाही, ढग खाली आल्यामुळं. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरवर, घाट जवळ, ढग अक्षरशः घरात येतात. त्यासाठी सीलोमीटर, जमिनीवरून सरळ वर लेसरचा ठोका मारतो आणि ढगाला आपटून परत यायला किती वेळ लागला ते मोजतो. १००० फुटांवरचा ढग असेल तर जाऊन येऊन एका सेकंदाच्या दहा लाख भागांतले जेमतेम दोन भाग. तेवढं मोजतात बघा.

मुतग्याचा_पोरगा

सगळ्यांचे आभार. आईला हे वाचून दाखवलं, ती म्हणाली पायलटला चहाला बोलवलं पाहिजे होतं, मी उगीच मनात रागावले.

मी काकांसारखी यादी केली मोबाईलच्या मॅपवर अंतर मोजून. आमचा कडुलिंब १४० मीटर, देवळाचा कळस ४१० मीटर, पाण्याची मोठी टाकी ९५० मीटर, त्यापलीकडं शिवारातलं आंब्याचं झाड १६०० मीटर. आज सकाळी अंगणात उभा राहिलो. पावणेसातला कळस नव्हता, कडुलिंब अंधुक. लगेच वर टाकीवर गेलो तर गडाचा माथा स्वच्छ. खाली आलो तर परत काही नाही. आठला कळस आला, साडेआठला मोठी टाकी, आणि नऊला ऊन वर आल्यावर आंबा एकदम दिसायला लागला, दहा मिनिटांत सगळं साफ. आजचं विमान साडेनऊला उतरलं, आईनं पण अंगणातून बघितलं.

टिळकवाडीचे_काका

शाब्बास. हे रोज लिही, वहीत, वेळेसकट, आणि वारा कुठून होता ते पण. रात्री आभाळ मोकळं होतं का ढगाळ, हे झोपायच्या आधी लिहून ठेव. महिनाभर झालं की इथं टाक, मी त्या दिवसांच्या मेटारशी लावून बघतो. आणि बघताना अंगणातच उभा राहा, टाकीवर चढू नकोस.